निसर्गरम्य कोणासाठी? मुळशीचे खोरे आणि मराठी निसर्गवर्णनाचा दृष्टिबिंदू

‘निसर्गरम्य’ हे विशेषण मराठीत कोण वापरतो? प्रश्न साधा आहे; परंतु त्याचे उत्तर शोधू लागताच आपल्या वाङ्मयीन निसर्गविचारातील एक जुनी अडचण पुढे येते. खोऱ्यात राहणारा माणूस आपल्या खोऱ्याला सहसा निसर्गरम्य म्हणत नाही. तो त्याला नदीच्या किंवा दिशेच्या नावाने ओळखतो : पवन मावळ, मोसे खोरे, मुठा खोरे. तेथील जमिनीला तो खाचर म्हणतो, वरकस म्हणतो, माळ म्हणतो. डोंगरउतारावरच्या एखाद्या झाडीला तो वनश्री म्हणत नाही, देवराई म्हणतो, आणि तिच्यातली काटकी कोणी उचलायची व कोणी नाही हे त्याला ठाऊक असते. ‘निसर्गरम्य’ म्हणणारा बहुधा बाहेरून आलेला असतो आणि बहुधा परत जाणार असतो. (शालेय निबंधांतून हे विशेषण खोऱ्यातल्या मुलांच्या हाती पडते, ही गोष्ट निराळी. ती मुले ते परीक्षेपुरते वापरतात.)

मग रहिवासी आपल्या खोऱ्याला मोल कशासाठी देतो, आणि ते राखण्यासाठी प्रसंगी तुरुंगात का जातो? या प्रश्नाला दोन उत्तरे तयार असतात. पहिले अर्थशास्त्रीय : जमीन हे त्याच्या उपजीविकेचे साधन आहे. दुसरे भावनिक : जन्मभूमीवर माणसाचा जीव असतो. ही दोन्ही उत्तरे बाहेरच्याने रहिवाशाविषयी दिलेली आहेत. पहिले उत्तर मान्य केले की साधनाच्या बदल्यात साधन देता येते, म्हणजे रोख मोबदला अथवा पर्यायी जमीन. दुसरे मान्य केले की जे उरते ते केवळ हळहळीचे, आणि हळहळीचा हिशेब कोणाला द्यावा लागत नाही. या दोहोंच्या मधल्या जागेत जे मूल्य असते त्याला आपल्या समीक्षेजवळ संज्ञा नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मुळशीच्या उदाहरणावरून ते तपासून पाहावयाचे आहे.

घटनाक्रम परिचित आहे. पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यालगत, मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी पश्चिमेकडे वळवायचे, सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिरा येथे पाडायचे आणि त्यातून मुंबईसाठी वीज निर्माण करायची, अशी टाटांची योजना होती. तिच्यामुळे मुळशी पेट्यातील पन्नासच्या वर गावांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले, सत्याग्रहही पुन्हा उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी येथेच मिळाली. १९२४ च्या अखेरीस त्यांनी केलेल्या कृत्यांबद्दल त्यांना दीर्घ शिक्षा झाली आणि लढा संपला. भिरा येथील वीजगृह १९२७ मध्ये चालू झाले. विनायकराव भुस्कुटे यांचा सत्याग्रहातील सहभागी म्हणून लिहिलेला वृत्तान्त आणि राजेंद्र व्होरा यांचा अभ्यास हे या विषयावरील महत्त्वाचे ग्रंथ होत. व्होरांच्या ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती २००९ मध्ये आली. तिच्या शीर्षकातच हे जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन असल्याचे म्हटले आहे. पहिलेपणाच्या वादात येथे शिरावयाचे नाही.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो कायदा, ज्याच्या आधारे ही जमीन घेतली गेली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे तेविसावे आणि चोविसावे कलम साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तरी वाचावे. तेविसावे कलम मोबदला ठरविताना काय मोजावे हे सांगते : बाजारभाव, उभे पीक, घरादाराचे नुकसान, आणि संपादन सक्तीचे आहे म्हणून बाजारभावावर आणखी पंधरा टक्के. चोविसावे कलम काय मोजू नये हे सांगते. त्या यादीत एक बाब अशी आहे की, जमीन सोडण्याविषयी धारकाच्या मनात असलेली नाखुशी विचारात घेऊ नये. कायद्याच्या लेखकाला ही नाखुशी दिसलेली होती, हे येथे लक्षात घ्यावयाचे. न दिसलेली गोष्ट वगळण्यासाठी कलम लिहावे लागत नाही. माणूस आणि त्याची जागा यांत बाजारभावाखेरीज काहीएक आहे, हे कायद्याने मान्य केले, त्याला पंधरा टक्क्यांची किंमत लावली आणि उरलेल्याला हिशेबातून काढून टाकले. १९८४ मध्ये ते पंधराचे तीस टक्के झाले, आणि २०१३ च्या नव्या कायद्याने शंभर. आकडा वाढत गेला, पण त्या जागी आकडाच घालायचा हे गृहीत तसेच राहिले. चोविसाव्या कलमाने वगळलेली ही नाखुशी कोणत्या भाषेत बोलते, हा मात्र समीक्षेचा विषय आहे.

एक तुलना येथे उपयोगी पडेल. मुळशीच्या आधी चार दशके इंग्लंडच्या सरोवरप्रदेशात असाच एक झगडा झाला. मँचेस्टर नगरपालिकेला शहरासाठी पाणी हवे होते. त्यासाठी थर्लमिअर हे सरोवर बांध घालून उंचावण्याचे तिने ठरविले. १८७७ मध्ये विरोधासाठी मंडळ स्थापन झाले. रस्किनसारखे लेखक आणि धर्मगुरू विरोधात लिहू लागले. १८७९ मध्ये संसदेने कायदा केला आणि १८९४ मध्ये पाणी मँचेस्टरला पोहोचले. म्हणजे तेथेही औद्योगिक शहर जिंकले आणि खोरे हरले. परंतु त्या पराभवातून काही संस्थात्मक उभे राहिले. या लढ्याशी नाव जोडले गेलेले कॅनन रॉन्सली १८९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल ट्रस्ट’च्या संस्थापकांपैकी होते. सौंदर्यस्थळ हे राष्ट्राच्या मालकीचे मूल्य आहे, ही कल्पना त्या देशात रुजली. मुळशीच्या पराभवातून असे काही उगवले नाही. हा फरक केवळ स्वतंत्र आणि परतंत्र देशांतला आहे, असे म्हणून भागणार नाही.

थर्लमिअरच्या बाजूने बोलणाऱ्यांजवळ वर्ड्‌स्वर्थ होता. त्या सरोवराच्या काठी एक शिळा होती. तिच्यावर वर्ड्‌स्वर्थ, कोलरिज आणि त्यांच्या कुटुंबीयांनी आपापल्या नावांची आद्याक्षरे कोरली होती. धरणाच्या कामात ती फुटली. तिचे तुकडे रॉन्सलींनी वेचून जपले, आणि आज ते ग्रासमिअरला पाहावयास मिळतात. बुडणाऱ्या जागेचे मोल पटवून देण्यासाठी तेथे अक्षरशः कवींच्या सह्या हजर होत्या. काव्याने त्या प्रदेशाला आधीच ‘स्थळ’ करून ठेवले होते. ‘हे सुंदर आहे’ या विधानाला तेथे पुराव्याचे वजन आले ते पन्नास-पाऊणशे वर्षांच्या कवितेने. मात्र त्याच वेळी आणखीही एक गोष्ट घडत होती. थर्लमिअरच्या काठी विथबर्नसारख्या वस्त्या होत्या, तेथे मेंढ्या पाळणारी माणसे होती. गाजलेल्या वादात त्यांचा आवाज फारसा ऐकू येत नाही. वर्ड्‌स्वर्थने स्वतः १८४४ मध्ये केंडल-विंडरमिअर रेल्वेला जो विरोध केला, त्यातही निसर्ग पाहण्यासाठी तयार झालेली दृष्टी लागते आणि ती गर्दीजवळ नसते, हा मुद्दा मध्यवर्ती होता. म्हणजे सौंदर्याच्या नावाने खोरे राखू पाहणारा कवीसुद्धा खोऱ्यावर एक प्रकारची मालकीच सांगत होता, आणि ती पाहण्याच्या अधिकाराची होती. रेमंड विल्यम्स यांनी १९७३ च्या ‘द कंट्री अँड द सिटी’मध्ये या प्रक्रियेचे जे विश्लेषण केले आहे त्याचा मथितार्थ हाच की, भूमीचे ‘दृश्य’ होण्यासाठी पाहणाऱ्याला तिच्यापासून अलग व्हावे लागते.

मुळशीला वर्ड्‌स्वर्थ नव्हता. वस्तुतः ज्या काळात ही योजना आकार घेत होती, तो आधुनिक मराठी निसर्गकवितेच्या बहराचा काळ आहे. बालकवी १९१८ मध्ये गेले, म्हणजे सत्याग्रहाच्या अवघी तीन वर्षे आधी. त्यांची ‘औदुंबर’ ही कविता या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. तिच्यावरील मराठी समीक्षेचा बराचसा भर त्या पाण्यात पाय सोडून बसलेल्या औदुंबराच्या अर्थावर राहिला आहे. तो विरक्ताचे प्रतीक आहे की उदासीनतेचे, की केवळ प्रतिमा, यावर पुष्कळ लिहिले गेले. त्या मानाने आपण हे कमी विचारले की, कवितेतले गाव कोणी पाहिले आहे? दोन तट, प्रवाह, टेकडीकडचे चार घरांचे गाव, शेते, मळे, पायवाट आणि डोह असा तिचा क्रम आहे. हिरवा, निळा, पांढरा, काळा असा रंगांचाही क्रम आहे. पायवाट आहे, पण तिच्यावर चालणारे कोणी नाही. घरे आहेत, पण त्यांतून धूर निघत नाही. शेतांत कोणी वाकलेले नाही. ही कवितेची उणीव मुळीच नव्हे. तिचे सारे सामर्थ्य या निर्मनुष्यतेतूनच येते, आणि मराठीत इतक्या थोड्या ओळींत इतके काही क्वचितच घडले आहे. परंतु या यशाची एक किंमत होती. चांगल्या निसर्गकवितेत नदी पाहिली जाते, ती ओलांडली जात नाही, हा संकेत त्यानंतर दृढ झाला. बालकवींच्या अनुकरणात लिहिल्या गेलेल्या शेकडो कवितांनी तर त्याचे साच्यात रूपांतर केले.

ओलांडण्याची नदी आपल्या भाषेत आहे, पण ती निराळ्या वाङ्मयात आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड संकलन उभे केले, त्यातील मोठा भाग पुणे जिल्ह्यातील, आणि विशेषतः मुळशी-मावळच्या गावांतील स्त्रियांकडून आलेला आहे. एक लाखाहून अधिक ओव्यांचे हे भांडार २०१७ पासून ‘परी’च्या वतीने ध्वनिरूपात व लेखांतून वाचकांपुढे येत आहे. या ओव्यांत नदी येते ती सासर आणि माहेर यांच्या मध्ये. तिला पूर येतो म्हणजे भाऊ येऊ शकत नाही. तिच्यावर धुणे आहे, तिच्या काठी देव आहे, तिच्या वाटेवर पंढरी आहे. रंग क्वचित येतात, आणि आले तरी लुगड्याचे, हळदीचे, पिकाचे म्हणून येतात. डोंगर हा उंच म्हणून येत नाही, तर त्याच्या पलीकडे लेक दिली आहे म्हणून येतो. नद्यांची व गावांची नावे मात्र मुक्त हस्ताने येतात, आणि त्या नावांनीच ओवीचा अर्धा चरण भरतो. कोणी म्हणेल, येथे सौंदर्यदृष्टी नाही, केवळ व्यवहार आहे. हे विधान चुकीचे आहे. येथे सौंदर्य आणि व्यवहार यांची वाटणीच झालेली नाही. खाचरातले पाणी बांधाच्या कडेपर्यंत सारखे उभे आहे, याचे समाधान पाहणाऱ्या डोळ्याचे की पोटाचे, हे तो शेतकरी वेगळे करून सांगणार नाही, आणि आपण त्याच्या वतीने ते वेगळे करण्याचे कारण नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे मुळशीच्या लढ्याची भाषा नीट ऐकू येते. ‘जान किंवा जमीन’ ही तिची घोषणा होती. आजच्या पर्यावरणवादी कानाला ती रुक्ष वाटते. तिच्यात नदी नाही, अरण्य नाही, पक्षी नाहीत. केवळ दोन नामे आहेत आणि त्यांच्यात एक विकल्प आहे. पण रचना पाहा. कायद्याने जमिनीसमोर रक्कम मांडली होती, घोषणेने तिच्यासमोर जीव मांडला. तोलायचेच असेल तर दुसऱ्या पारड्यात काय घालावे लागेल, हे सांगणारे ते वाक्य आहे. चोविसाव्या कलमाने वगळलेली नाखुशी येथे आपल्या शब्दांत बोलते.

अर्थात ही भाषा सर्वस्वी रहिवाशांची होती असे मानणे भोळेपणाचे होईल. लढ्याचे नेतृत्व बहुतांशी पुण्याच्या सुशिक्षित राजकारणाचे होते, आणि त्या राजकारणाने आपले वाङ्मय बरोबर आणले. मुळशी पेट्यातला भातशेती करणारा कुणबी या प्रचारात ‘मावळा’ झाला. ‘मावळा’ हा प्रादेशिक शब्द खरा. पण बखरी, पोवाडे आणि ऐतिहासिक कादंबऱ्या यांतून येताना तो तलवार घेऊन येतो. थर्लमिअरला जे काम कवितेने केले ते मुळशीला इतिहासाने करावे, अशी ही योजना म्हणता येईल : शिवकालाची भूमी म्हणून ती राखायची. पुढाऱ्याला ‘सेनापती’ म्हणणे याच रूपकव्यूहाचा भाग आहे. या रूपकाने लढ्याला तेज दिले, यात शंका नाही. पण त्याने दोन गोष्टी झाकल्याही. एक तर त्या जमिनींचे सावकारी वास्तव. व्होरांनी दाखविल्याप्रमाणे, पेट्यातील जमिनींत पुण्याच्या सावकार-जमीनमालकांचे हितसंबंध गुंतलेले होते, आणि त्यांच्या दृष्टीने रोख मोबदला हा सौदा वाईट नव्हता. जो जमीन कसतो आणि ज्याच्या नावावर ती आहे, ते दोघे एकाच खोऱ्याला एकच मोल देत नव्हते. ‘मावळा’ या एकवचनी शब्दात हा भेद मावत नाही. दुसरी गोष्ट स्त्रियांची आणि भूमिहीनांची. सत्याग्रहात स्त्रिया होत्या. परंतु जमिनीच्या कागदावर त्या क्वचितच होत्या, आणि ‘मावळा’ या पुल्लिंगी वीरप्रतिमेतही त्यांना जागा नव्हती. त्यांचे खोरे त्यांच्या ओव्यांत होते. आणि ज्यांचे जगणे नदीतले मासे, रानातली लाकडे व कंद यांवर होते त्यांच्या नावाने मोजण्यासारखी जमीनच नव्हती. कायद्याने वगळण्याइतकीदेखील त्यांची दखल घेतली नाही.

गांधींनी १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’त मुळशीवर लिहिले, तेव्हा त्यांनी या इतिहासाचा आधार घेतला नाही. योजनेचे लाभ कितीही असले तरी ते एखाद्या गरिबाच्या इच्छेविरुद्ध मिळवायचे का, असा प्रश्न त्यांनी टाटांना केला. म्हणजे कायद्याने जी नाखुशी वगळली होती तीच त्यांनी मध्यभागी आणली. निसर्गाविषयी एक शब्दही न लिहिता खोऱ्याच्या बाजूने लिहिता येते, याचा हा लक्षणीय नमुना आहे. सौंदर्याचा मुद्दा मांडता न येणे ही मुळशीची दुर्बलता होती असे मला पूर्वी वाटत असे. आता ते तितकेसे खरे वाटत नाही.

स्वातंत्र्योत्तर मराठी कथात्म साहित्याने या प्रश्नाशी काय केले, याचे उत्तर एकाच लेखकाच्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या असता मिळते. गो. नी. दांडेकर हे मावळ पायांनी जाणणारे लेखक. त्यांची ‘पवनाकाठचा धोंडी’ मुळशीच्या उत्तरेच्या पवन मावळात, तुंग किल्ल्याच्या परिसरात घडते. तिच्यातील धोंडी हवालदाराची किल्ल्यावरची निष्ठा ही व्यावहारिकदृष्ट्या निरर्थक आहे. किल्ल्याला आता शत्रू नाही, हवालदारीला अर्थ उरलेला नाही. तरीही तो माणूस त्या डोंगराशी बांधलेला आहे, आणि ते बांधलेपण लेखकाने वर्णनातून नव्हे, तर चालण्या-बोलण्यातून उभे केले आहे. आपण ज्याला संज्ञा नाही म्हणालो, ते मूल्य येथे जिवंत आहे. त्याच लेखकाने ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही भाक्रा-नांगल धरणावरची कादंबरीही लिहिली. शीर्षकातच तिचा पौराणिक आशय आहे : गंगा खाली आणणाऱ्या भगीरथाचे वारस म्हणजे धरण बांधणारे. या दोन निष्ठा एका लेखकाच्या मनात सुखाने नांदत होत्या. १९७२ मध्ये पवनेवर धरण पूर्ण झाले आणि धोंडीच्या परिसरातली तळाची जमीन पाण्याखाली गेली. म्हणजे लेखकाच्या एका कादंबरीने दुसरीचे स्थळ बुडविले, असे वाचकाला आज दिसते. दांडेकरांना यासाठी दोष देणे अनैतिहासिक ठरेल. ती त्या दशकांची सार्वत्रिक श्रद्धा होती. मात्र एक निरीक्षण नोंदवावे लागेल. राखणदाराची कथा त्यांना एका व्यक्तीच्या वेडाची शोकांतिका म्हणून सुचली, आणि धरणाची कथा मात्र ‘आम्ही’ या बहुवचनात. सामूहिक क्रियापद बांधण्याला मिळाले, राखण्याच्या वाट्याला एकटेपण आले.

विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) हे बहुवचन विस्थापितांना मिळवून दिले, आणि हे त्या कादंबरीचे मोठे यश आहे. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. पण तिचे सामर्थ्य पुनर्वसनाच्या कचेरीत, दाखल्यांत, दलालीत, वाटपातल्या लबाडीत आहे. खोरे तिच्यात गमावलेली वस्तू म्हणून येते, आणि गमावल्यावर तिचे मोल पुन्हा न्याय्य मोबदल्याच्या परिभाषेत मांडावे लागते. फसवणूक झाली नसती तर? दर एकरी रक्कम चोख मिळाली असती, पर्यायी जमीन ओलिताखाली असती, तर तक्रार संपली असती का? कादंबरी हा प्रश्न स्वतःला पुरेसा विचारत नाही. विस्थापनावरील आपले बरेचसे लेखन येथेच थांबते. अन्याय सिद्ध करण्याच्या गरजेने ते कायद्याचीच मापे हाती घेते.

येथे देशीवादी समीक्षेने मदत करावी अशी अपेक्षा होती. भूमी, मुळे, स्थानिकता हे तिचे आवडते शब्द आहेत. तथापि तिच्या लेखनात ‘भूमी’ ही बहुधा भाषा, परंपरा, संस्कृती यांचे रूपक होऊन येते. विशिष्ट गट क्रमांकाची, विशिष्ट ओढ्याच्या उजव्या काठची, अमुक देवाच्या मालकीची जमीन तीत फारशी दिसत नाही. स्थानिकतेचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनीच स्थळ इतके अमूर्त करावे, हे थोडे आश्चर्याचे आहे. उलट बाजूने, वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा जो अभ्यास केला, त्यातून साहित्याच्या अभ्यासकाला अधिक मिळू शकते. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या लोकांनी आपली देवराई तोडीपासून वाचावी म्हणून वर्तकांकडे धाव घेतली, ती त्यांच्या ओढ्याचे पाणी तिच्यावर अवलंबून होते म्हणून. देव आणि पाणी ही त्यांची दोन कारणे नव्हती. ते एकच कारण होते. आपण मात्र ‘श्रद्धा’ आणि ‘उपयुक्तता’ अशा दोन रकान्यांत ते लिहून घेतो.

या विवेचनावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. रहिवाशाचे मूल्य असे अविभाज्य आणि अनुवादाला न जुमानणारे मानले, तर आपण त्याला पुन्हा एकदा दृश्याचाच भाग करत नाही का? पूर्वी चित्रात नदी होती, आता नदीसह माणूस. खोऱ्यात राहणाऱ्यालाही वीज हवी असते, रस्ता हवा असतो. त्याचा मुलगा पुण्याला नोकरी करतो आणि वडिलांची वरकस जमीन विकायला निघतो. हे सर्व खरे आहे. मुळशी पेट्यातले शेतकरी तरी अखेर मोबदला घेण्यास तयार झालेच. पण विकायला निघालेला मुलगा आणि न विकणारा बाप यांच्यातला वाद ज्या भाषेत होतो ती भाषा आपण ऐकली आहे का? त्यात कोणती नावे येतात, कोणत्या विहिरीचा, कोणत्या वाटेचा, कोणाच्या हद्दीचा उल्लेख येतो? मूल्याचा पुरावा या तपशिलात असतो, आणि मोल नाकारणाऱ्याच्या तोंडीही तो तपशील असतोच.

दरम्यान, निसर्गरम्यता मुळशीला मिळाली आहे. ती धरणानंतर मिळाली. पावसाळ्यात ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या मोटारींची रांग ज्या पाण्याच्या बाजूने सरकते ते पाणी १९२७ नंतरचे आहे. तलावदर्शनाची ग्वाही देणारी विश्रामगृहे त्या पाण्याच्या काठी उभी आहेत. भिऱ्याला वीज करून सोडलेले हेच पाणी पुढे कुंडलिकेतून वाहते आणि कोलाडजवळ पर्यटक त्यावर रबरी नावांतून उतरतात. म्हणजे एकच नदी घाटाच्या दोन्ही बाजूंना रम्य झाली आहे, आणि दोन्हीकडे वीजनिर्मितीची उपफलश्रुती म्हणून. शेजारच्या मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या फुगवट्यालगत, ‘लवासा’ हे गिरिनगर उभारले गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याचे काम थांबविण्याचा आदेश दिला, तेव्हा झालेल्या वादात दोन्ही पक्ष निसर्गसौंदर्याच्याच नावाने बोलत होते. एकाला ते विकायचे होते, दुसऱ्याला राखायचे. खोऱ्यातल्या मूळ गावांच्या नावांवर नव्या नगराचे इटालियन थाटाचे नाव बसले, याची मात्र दोघांनाही फारशी खंत दिसली नाही. ‘निसर्गरम्य’ या शब्दाने राखणही करता येते आणि विक्रीही, हे त्यावरून कळते. ‘जान किंवा जमीन’ या शब्दांनी विक्री करता येत नाही.

९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांनी शेतकऱ्यांवर गोळीबार केला आणि तिघांचा मृत्यू झाला. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्यास पवन मावळातील शेतकऱ्यांचा विरोध होता. नदीच्या पात्रातून पाणी वाहत होते तोवर काठच्या गावांना ते उपलब्ध होते. नळातून गेले की नदी शहराची आणि काठ कोरडा, हा त्यांचा मुद्दा होता. तेव्हाच्या वृत्तांकनात हा झगडा ‘पाणीप्रश्न’ म्हणून नोंदला गेला, वाङ्मयीन नियतकालिकांनी त्याची विशेष दखल घेतल्याचे स्मरत नाही. धोंडीचा मुलूख तो हाच.

त्या पवना धरणाच्या पोटात वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. वर्षाचे बरेच महिने ते पाण्याखाली असते, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते. अलीकडे त्याची छायाचित्रे पुष्कळ प्रसिद्ध होतात, आणि ती सुंदर असतात : कोरडी भेगाळलेली जमीन, मागे तलावाची निळी रेघ, मधोमध दगडी बांधणी. त्या चौकटीत सहसा माणूस येऊ देत नाहीत. त्याच दिवसांत काठच्या गावांतून माणसे त्या देवाच्या दर्शनाला चिखल तुडवत जातात, पाणी चढायच्या आत.